‘आमच्याकडे गाळ होतच नाही!’

वाचकांचे प्रश्न

सेप्टिक टाक्या आणि सोसायट्यांचे एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारे प्लँट) यांच्याबद्दल ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, तळाशी साचलेला गाळ. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : दिव्यातल्या आमच्या चाळीत पाच बिऱ्हाडं, मिळून वीस माणसं. मलवाहिनी आमच्यापर्यंत आलेली नाही. मागच्या बाजूला सेप्टिक टाकी आहे, १० फूट लांब, ४ फूट रुंद, आत पाणी ५ फूट. सहा वर्षांत उपसलेली नाही. पावसाळ्यात संडासाचं पाणी लवकर उतरत नाही. टाकी भरली हे नक्की कसं ओळखायचं?

उत्तर : सेप्टिक टाकी पाण्याने कायम भरलेलीच असते. वापर सुरू झाला की दोन-तीन दिवसांत पाणी बाहेरच्या पाइपाच्या पातळीला येतं, आणि पुढे जेवढं आत येईल तेवढंच बाहेर जातं. त्यामुळे गाळ उपसायचा टँकर येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी झाकण उघडून ‘पैसे घेतले आणि टाकी तशीच’ म्हणून भांडायला जाऊ नका. खरं साचतं ते दोन ठिकाणी, तळाचा गाळ आणि वरची साय. या दोन्हींच्या मधे पाण्याची जी पट्टी उरते, तिच्यातच घाणीला खाली बसायला वेळ मिळतो.

तुमच्या टाकीचा हिशेब मांडू. २०० घनफूट म्हणजे साधारण ५,६०० लिटर. माणशी रोज १०० लिटर धरले तर रोज २,००० लिटर पाणी आत येतं. रिकाम्या टाकीत त्याचा मुक्काम पावणेतीन दिवसांचा. आता गाळ बघा. केंद्र सरकारची सीपीएचईईओ नियमावली आराखड्यासाठी माणशी वर्षाला ७३ लिटर गाळ धरते. प्रत्यक्षात तो पचून, दबून कमी होतो, म्हणून आपण ४० लिटरच धरू. वीस माणसांचा वर्षाला ८०० लिटर, सहा वर्षांचा ४,८०० लिटर. पाण्याला उरली ८०० लिटरची जागा, म्हणजे मुक्काम साडेनऊ तासांचा. टाकीत पाणी किमान २४ तास थांबायला हवं. आता मैला न बसताच पुढे सरकतोय आणि टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याच्या दगडांत जाऊन बसतोय. टाकी उपसता येते. एकदा चोंदलेला शोषखड्डा मात्र खणूनच काढावा लागतो, त्यामुळे खरं नुकसान तिथे होतं.

अंदाजावर न राहता मोजून घ्या. आठ-नऊ फुटांचा सरळ बांबू घ्या. खालच्या चार फुटांना जुना पांढरा टर्किशचा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळा. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळचं झाकण उघडा, अर्धा तास हवा लागू द्या आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. बिडी-काडीपेटी जवळ नको, मुलं जवळ नकोत, आणि वाकून आत डोकावायचं नाही. बांबू सरळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं तसाच धरा, हलकेच एकदा फिरवा आणि हळूहळू वर काढा. जिथपर्यंत गाळ, तिथपर्यंत टॉवेलवर काळे कण चिकटून येतात. त्यावरचा भाग नुसता मळकट ओला असतो. काळ्याची उंची टेपने मोजा. सायीसाठी पाऊण इंची पीव्हीसी पाइपाच्या टोकाला एल्बो लावा. पाइप सायीतून खाली दाबा, अर्धा वळवा आणि वर उचला. एल्बो सायीच्या तळाला अडकतो, ते हाताला कळतं. तिथे खूण करा.

गाळ आणि साय मिळून पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांश झाली, म्हणजे तुमच्याकडे वीस इंच झाली, की टाकी उपसायची. बाहेरच्या टी-पाइपाचं तोंड आणि गाळाचा माथा यांच्यात एक फूटही अंतर उरलं नसेल, तर तो आठवडाही थांबू नका. वरच्या हिशेबाने तुमच्या टाकीला सव्वादोन वर्षांनी टँकर लागतो.

पावसाळ्याचं प्रकरण थोडं वेगळं असू शकतं. खाडीकाठी भूजल वर येतं, शोषखड्डा बुडतो आणि पाण्याला जायला वाट उरत नाही. ओळखायची खूण अशी : टँकर ओढत असताना बाहेरच्या पाइपाकडे लक्ष ठेवा. तिथून पाणी उलटं टाकीत येत असेल तर दोष शोषखड्ड्याचा, आणि दहा टँकर बोलावले तरी फरक पडणार नाही. शिवाय भर जुलैत टाकी पूर्ण रिकामी करणं धोक्याचं. आतलं वजन गेलं की भोवतालचं पाणी टाकीला खालून उचलतं. फायबर-प्लास्टिकच्या टाक्या चक्क तरंगून वर येतात, विटांच्या टाक्यांच्या भिंती तडकतात. उपसा फेब्रुवारी ते मे या काळात उरकून घ्या.

प्रश्न : टँकर बोलावला तर काम नीट झालं की नाही, हे कसं बघायचं? (याच विषयावर कळव्याहून आणि रबाळे गावठाणातून पत्रं आहेत.)

उत्तर : टँकरवाल्याची नेहमीची युक्ती म्हणजे वरचं पातळ पाणी ओढायचं, गाडी भरली की निघायचं. तळाचा घट्ट थर, ज्याच्यासाठी गाडी बोलावली, तो तिथेच राहतो. म्हणून क्रम तुम्ही सांगा. आधी लांब दांड्याने वरची साय फोडायची. मग पाइप पहिल्या कप्प्यात सोडायचा, कारण सगळ्यात जास्त गाळ तिथेच असतो. थोडं ओढून झालं की टँकरमधलंच पाणी दाबाने परत तळाशी सोडून गाळ ढवळायचा आणि पुन्हा ओढायचं. दोन-तीनदा असं केल्यावर तळ मोकळा होतो. मग दुसरा कप्पा. आउटलेटच्या टी-पाइपाला धक्का लागू देऊ नका. तो तुटला तर साय थेट शोषखड्ड्यात जाईल.

तळाशी इंच-दोन इंच गाळ राहू द्या, पुढच्या पचनाचं ते विरजण आहे. टाकी धुऊन लख्ख करायची नाही. पावतीवर तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर आणि गाडी कुठे रिकामी करणार, हे लिहून घ्या. शेवटचा रकाना टाळणारी गाडी बहुतेक वेळा जवळच्या नाल्यात किंवा खाडीत मोकळी होते.

प्रश्न : बाजारात मिळणारी जिवाणूंची पावडर टाकली तर टाकी उपसावी लागत नाही, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. मैल्यात लागणारे जिवाणू आधीच भरपूर असतात. वाळू, राख, केस, प्लास्टिक यांना कुठलाच जिवाणू खात नाही, आणि पचलेल्या गाळाचाही न पचणारा भाग उरतोच. काही द्रव्यं साय विरघळवतात, पण ती वितळलेली चरबी पुढे शोषखड्ड्यात जाऊन थिजते. ॲसिडची बाटली तर अजिबात ओतू नका. पचन थांबतं आणि सिमेंट खाल्लं जातं. रोजच्या सफाईतल्या थोड्या फिनाइलने मात्र काही बिघडत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत १२० केएलडीचा (रोज १२० घनमीटर पाण्याचा) एसटीपी आहे, हवा सोडायची एअरेशन टाकी १०० घनमीटर. दीड वर्षात गाळ एकदाही बाहेर काढलेला नाही, गाळ पिळून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसवर धूळ बसली आहे. ऑपरेटर म्हणतो, ‘आपल्याकडे गाळ होतच नाही.’ पण गाळ खाली बसायच्या सेटलिंग टाकीवर तपकिरी लगदे तरंगतात आणि फ्लशला येणारं पाणी गढूळ असतं. कमिटीने काय विचारावं?

उत्तर : ऑपरेटरला एकच विचारा, गाळ गेला कुठे? सोसायटीच्या मैलापाण्याचा बीओडी (जिवाणूंना खाता येणाऱ्या घाणीचं माप) लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम धरला तर १२० घनमीटरमधून रोज ३० किलो बीओडी आत येतो. तो खाऊन जिवाणू वाढतात. लांब एअरेशनच्या, म्हणजे पाण्यात जास्त वेळ हवा सोडणाऱ्या तुमच्यासारख्या प्लँटमध्ये प्रत्येक किलोमागे साधारण ०.४ किलो सुका गाळ तयार होतो, म्हणजे रोज १२ किलो. महिन्याला ३६० किलो सुका, आणि प्रेसमधून निघणाऱ्या ओल्या केकमध्ये (पिळलेल्या गाळाच्या वड्यांत) मोजला तर पावणेदोन टनांच्या आसपास. प्लँट निम्म्याच भाराने चालत असेल तर आकडे निम्मे करा, शून्य होणार नाहीत. काढला नाही, तर तो प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर जातो. तुमच्या फ्लशच्या टाक्यांत, वाळूच्या फिल्टरमध्ये आणि गटारात तोच बसलेला आहे.

आता एक चाचणी कमिटीतल्या कुणीही करावी. लागतो तो एक लिटरचा खुणा असलेला पारदर्शक नळकांड्याचा जार. ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) चालू असताना, दुपारच्या सुमारास एअरेशन टाकीतून बादलीने पाणी काढा, ढवळून जार १,००० च्या खुणेपर्यंत भरा, सावलीत ठेवा आणि हात लावू नका. अर्ध्या तासाने गाळाची रेघ कुठे आहे ते वाचा. २५० ते ४०० मिलिलिटर आणि वरचं पाणी नितळ, तर ठीक. ६०० च्या वर असेल तर दोन शक्यता. गाळ फार झालाय आणि दाटीमुळे खाली बसत नाही, किंवा गाळात धाग्यासारखे जिवाणू माजलेत. ओळखायला तेच पाणी प्रक्रिया केलेल्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून पुन्हा अर्धा तास ठेवा. रेघ ६५० वरून २०० च्या आसपास घसरली तर ती नुसती गर्दी होती. ४०० च्या वरच अडली तर धागे. त्याचं मूळ बहुधा कमी हवेत किंवा सडून आलेल्या पाण्यात असतं.

जार लगेच ओतून देऊ नका. आणखी दीड-दोन तास तसाच ठेवा. खाली बसलेला गाळ बारीक बुडबुड्यांसकट ढेकळासारखा वर आला, तर तुमच्या सेटलिंग टाकीवरचे तपकिरी लगदे कुठून येतात ते समजलं. गाळ तळाशी फार वेळ पडून राहिला की नायट्रेटमधून नायट्रोजन सुटतो आणि तो गाळाला वर घेऊन येतो. लगदे काळे आणि घाणेरड्या वासाचे असतील तर गाळ सडलाय. उपाय दोन्हीकडे सारखाच आहे. तळाचा गाळ एअरेशन टाकीत परत नेणारा पंप जास्त चालवा, परतीचा प्रवाह येणाऱ्या पाण्याच्या ५० ते १०० टक्के हवा. आणि हॉपरच्या (सेटलिंग टाकीच्या निमुळत्या तळाच्या) उतारावर चिकटलेला गाळ रोज वरूनच लांब दांड्याच्या रबरी फळीने खाली सारा. चौकोनी हॉपरचा उतार ६० अंशांपेक्षा कमी ठेवलेला असेल (जागा वाचवायला बरेच बिल्डर तसं करतात) तर हे काम कायमचं गळ्यात पडलं म्हणून समजा.

मग प्रयोगशाळेतून एमएलएसएस (एअरेशन टाकीच्या पाण्यातल्या गाळाचं प्रमाण) तपासून घ्या. तुमच्या प्लँटला लिटरला ३,५०० मिलिग्रॅम पुरतं. समजा ७,००० निघालं. १०० घनमीटरमध्ये ७०० किलो गाळ आहे, हवा ३५० किलो, जास्तीचा ३५० किलो. तो एका दिवसात काढायचा नाही. निम्मे जिवाणू गेले की उरलेल्यांना भार पेलत नाही, पांढरा फेस येतो आणि पाणी दुधाळ होतं. रोज ३० किलो काढा. त्यातले १२ किलो रोजच्या नव्या वाढीचे, १८ किलो जुन्या साठ्यातले. वीस दिवसांत टाकी मार्गावर येते. परतीच्या गाळात लिटरला १० ग्रॅम घट्टपणा असेल तर ३० किलो म्हणजे ३ घनमीटर. ताशी ६ घनमीटरच्या पंपाला अर्धा तास. पुढे रोजच्या १२ किलोसाठी बारा मिनिटं पुरतात. ऑपरेटरच्या वहीत ही मिनिटं आणि जारची रेघ, दोन रकाने रोज दिसले पाहिजेत. दोन्ही रकाने महिनाभर कोरे असतील, तर देखभालीचं बिल कसलं देताय ते विचारा.

आणखी एक. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवत असाल तर सलग दोन तासांवर नको. सकाळी गाळ काळसर आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा झाला असेल, तर वाचवलेली युनिटं महागात पडली असं समजा.

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत फिल्टर प्रेस चालवतात, पण केक पातळ शिऱ्यासारखा निघतो, कापडाला चिकटतो. पॉलिमर (गाळाचे कण एकत्र आणणारी पावडर) वाढवूनही फरक नाही.

उत्तर : पॉलिमर कमीही करून बघा. जास्त झालं तरी केक चिकट होतो आणि कापडाची छिद्रं बुजतात. जैविक गाळाला कॅटायनिक (धनभारित) पॉलिमर लागतं, सुक्या गाळाच्या टनाला ३ ते ५ किलो. १२ किलो गाळाला साधारण ५० ग्रॅम पुरे. ते ५० लिटर पाण्यात विरघळवा. ढवळणी चालू ठेवून पाण्याच्या भोवऱ्यात पावडर चिमटीचिमटीने भुरभुरायची. मुठीने टाकलीत तर साबुदाण्यासारखे गोळे होतात, ते कधीच विरघळत नाहीत आणि सगळा डोस वाया जातो. पाऊण तास सावकाश ढवळा, द्रावण त्याच दिवशी संपवा.

प्रेसला लावण्याआधी बादलीभर गाळात थोडं द्रावण घालून हलक्या हाताने फिरवा. तुरीच्या डाळीएवढे गोळे धरून शेजारी स्वच्छ पाणी सुटलं की प्रमाण जमलं. फार जोरात ढवळलं तर तेच गोळे फुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

गाळ मुळात पातळ येत असेल तर पॉलिमर एकटं काय करणार? गाळाच्या साठवण टाकीची हवा दोन-तीन तास बंद करा, वर नितळलेलं पाणी कलेक्शन टाकीत (मैलापाणी आधी जमा होतं त्या टाकीत) परत सोडा, मग खालचा घट्ट गाळ प्रेसला द्या. दिवसभर हवा बंद ठेवू नका, सडलेल्या गाळातून पाणी लवकर सुटत नाही.

प्रश्न : नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत कलेक्शन टाकीच्या तळाशी दीड फूट वाळू आणि गाळ बसला आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘दोन माणसं उतरवतो, मास्क देतो, अर्ध्या दिवसाचं काम.’

उत्तर : उतरवू देऊ नका. मास्क गाळतो, प्राणवायू पुरवत नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असेल तर कुठलाही गाळणीचा मास्क निरुपयोगी. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी दबून राहतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, पण दशलक्षात १०० भागांच्या आसपास नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. ५०० च्या पुढे माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो.

मीटर लावून वरून मोजलं आणि आकडा ठीक आला तरी भरवसा नाही. वायू गाळात कोंडलेला असतो. पहिलं फावडं घातलं, गाळ ढवळला, की तो एकदम सुटतो. एक कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो, आणि बातमी दोघांची येते.

हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे, थेट लावा किंवा कंत्राटदारामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. ‘त्याने सही करून दिली होती’ हा बचाव नाही.

काम माणूस न उतरवता होतं. जेटिंग आणि सक्शन एकत्र असलेली गाडी मागवा. एका नळीने दाबाचं पाणी सोडून वाळू सैल करायची, दुसऱ्या नळीने ओढायची. अशा सफाईसाठी १४४२० हा सरकारी मदत क्रमांक आहे, महापालिकेच्या मलनिःसारण विभागाकडेही मागणी नोंदवता येते. टाकीतला पंप तळाला बोल्टने बसवलेला असेल तर पुढच्या दुरुस्तीत तो गाइड रेल आणि साखळीवर घ्या, म्हणजे त्याच्यासाठीही कुणाला उतरावं लागणार नाही. आणि वाळू येते कुठून ते शोधा. फ्लॅटमधल्या फरशीच्या कामाची सिमेंट-वाळू संडासात ओतली जाते, हे बहुतेक सोसायट्यांत घडतं. टाकीच्या तोंडाशी १० मिलिमीटर फटींची जाळी आणि तिच्याआधी वाळू बसायला छोटा खड्डा ठेवा, दोन्ही वरून साफ करता येतात.

प्रश्न : वाळलेला केक सोसायटीच्या बागेत टाकू का?

उत्तर : प्रेसमधून काढलेला तसाच नको. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती नुसत्या वाळण्याने मरत नाहीत. वाळलेली पानं, नारळाचा भुसा, लाकडाचा चुरा यांच्यात कालवून ढीग लावा. आतलं तापमान ५५ अंशांवर १५ दिवस राहिलं पाहिजे आणि तेवढ्यात ढीग पाच वेळा उलटा करायचा, म्हणजे कडेचंही आत जाऊन तापतं. लांब दांड्याचा तापमापक लागतो, हाताने गरम लागलं म्हणजे ५५ झालं असं नाही. नंतर महिनाभर मुरू द्या. जास्वंद, कण्हेर, हिरवळ यांना चालेल, पण अळू-कोथिंबिरीच्या वाफ्यात कधीच नको.

प्रश्न : वाशीत माझं छोटं उपाहारगृह आहे. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातली चरबी अडवणारी टाकी) आठवड्याला साफ करतो, तरी बाहेरचं चेंबर तुंबतं.

उत्तर : साफ करणारा वरचं तूप काढून तळाचा भाताचा गाळ ठेवतोय, असं दिसतं. वरचा थर आणि तळ मिळून खोलीच्या एक चतुर्थांश झाले की ट्रॅप निकामी होतो. दोन्ही मोजा, म्हणजे आठवडा पुरतो की तीन दिवस ते कळेल. आणि भांडी घासायच्या मोरीत उकळतं पाणी ओतणं थांबवा. त्याने चरबी वितळून ट्रॅप ओलांडते आणि चेंबरमध्ये गार झाली की थिजते.